वेंगुर्ल्यात राहून जेडाय व्हायचं असेल तर

आधी तलवारीचं मिटवून टाकू. ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या जेडायांवरून लोकांनी जो पंथ काढला, तो पाळायला निळ्या उजेडाची ती तलवार लागत नाही. तपकिरी झगाही लागत नाही, आणि आमच्याकडे तर तो घेऊच नका. मे महिन्यात तसलं जाड कापड अंगावर पाच मिनिटं राहणार नाही, आणि मिरगात कपाटात ठेवलात तर चतुर्थीला बाहेर काढताना त्यावर बुरशीची लव आलेली असेल. झग्याचा हट्ट किती ताणायचा यावरून वेल्समध्ये 2009 साली एक गंमत झाली होती. तिथल्या चर्च ऑफ जेडाइझमच्या संस्थापकाला बँगर गावच्या सुपरमार्केटात डोक्यावरची टोपी काढायला सांगितलं, तो धर्माचा अपमान म्हणून रागावला, तेव्हा दुकानवाल्यांनी उत्तर दिलं की सिनेमातले मोठेमोठे जेडाय तर उघड्या डोक्यानेच फिरतात. दुकानवाल्यांचं काय चुकलं, मला अजून कळलेलं नाही.

मी वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याआधी बोटीवर फिटर होतो. तिथे न्यूझीलंडचा एक सेकंड इंजिनियर होता, इंजिनरूममध्ये कितीही तापलं तरी कुणावर आवाज न चढवणारा. त्याच्याकडून मला हे जेडायाचं पहिल्यांदा कळलं. आता अधूनमधून कुणीतरी वर्कशॉपवर येऊन हळूच विचारतं, ‘ते जेडाय म्हणजे नक्की काय, आणि आपल्याला होता येतं काय?’ कॉलेजातली पोरं असतात, एकदा तर एक मास्तर आले. प्रत्येकाला चहा पाजून तेच सांगत बसण्यापेक्षा लिहून ठेवतो.

आधी चेष्टा वेगळी काढा

स्टार वॉर्स हा सिनेमा 1977 सालचा. जेडाय म्हणजे त्यातले योद्धे-साधू, आणि फोर्स म्हणजे सगळ्या सजीवांत भरून राहिलेली, सगळ्यांना बांधून ठेवणारी शक्ती. जॉर्ज लुकस यांनी 1999 साली पत्रकार बिल मॉयर्स यांना सांगितलं होतं की तरुणांमध्ये अध्यात्माची थोडी जाग यावी म्हणून आपण फोर्सची कल्पना घातली. कुठल्या एका धर्मापेक्षा देव नावाच्या गोष्टीकडे त्यांचं लक्ष जावं इतकंच. पंथ काढायचा त्यांचा विचार नव्हता. पंथ लोकांनी काढला.

पण पंथाच्याही आधी चेष्टा आली. 2001 च्या जनगणनेआधी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ईमेल फिरले की धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ लिहा, अमुक हजार लोकांनी लिहिलं की सरकारला तो धर्म मानावाच लागतो. असा कुठलाही नियम नव्हता. तरी इंग्लंड आणि वेल्समध्ये 3,90,127 लोकांनी ते लिहिलं, ऑस्ट्रेलियात 70 हजारांच्या वर, न्यूझीलंडात 53 हजारांच्या वर. 2011 मध्ये इंग्लंड-वेल्सचा आकडा 1,76,632 वर आला, आणि 2021 मध्ये सुमारे 1600 वर. गंमत करणारे कंटाळून घरी गेले. उरले त्यांतले किती जण खरोखर पाळणारे, ते जनगणना सांगू शकत नाही.

या आकड्यांवरून एक करा. तुम्ही कुठल्या गर्दीतले आहात ते आधी स्वतःला विचारा. सिनेमाचे चाहते असाल तर उत्तम, मीही आहे, पण त्यासाठी पंथाची गरज नाही. चारचौघांत वेगळं दिसायचं असेल तर केस रंगवा, स्वस्त पडेल. रोजच्या वागण्याला काहीतरी वळण लावायचंय आणि ते वळण तुम्हाला या गोष्टीत दिसलं, असं असेल तर पुढे वाचा.

असे पंथ आणखीही आहेत. अमेरिकेत एका विज्ञानकादंबरीतल्या पंथावरून 1962 साली दोन विद्यार्थ्यांनी चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स सुरू केलं, ते जेडायांपेक्षा कितीतरी जुनं. एका आळशी नायकाच्या सिनेमावरून 2005 साली निघालेला डूडइझमही आहे. त्याची शिकवण म्हणजे फार ताण घेऊ नका. आमच्याकडे त्याची दीक्षा जन्मतःच मिळते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

वही घ्या

जेडाय पाळणाऱ्यांचे बरेच गट आहेत, आणि सगळ्यांचा मिळून एक असा कुणी प्रमुख नाही. टेक्सासमध्ये 2005 साली नोंदलेलं टेंपल ऑफ द जेडाय ऑर्डर हे त्यातलं नावाजलेलं. त्यांची शिकवण इंटरनेटवर उघडी आहे. सुरुवात तिथून करा, पण सगळं एका रात्रीत वाचून काढू नका. आधी फक्त जेडायांची संहिता घ्या. पाच ओळींची आहे. भावनेसमोर शांती, अज्ञानासमोर ज्ञान, विकारासमोर स्थिरता, गोंधळासमोर सुसंगती आणि मरणासमोर फोर्स, अशा पाच जोड्या. ही संहिता मूळ सिनेमातली नव्हे, तिची सुरुवात 1987 च्या एका रोल-प्लेइंग (पात्र होऊन खेळायच्या) खेळाच्या पुस्तकातून झाली. हे कळल्यावर काही जणांचा विरस होतो. ज्यांचा होतो त्यांनी इथेच थांबलेलं बरं, कारण पुढे असंच आहे. सगळं माणसांनीच लिहिलंय आणि ते कुणी लपवतही नाही.

ही संहिता दोन तऱ्हांनी म्हणतात. एक तऱ्हा म्हणते, भावना नाहीच, शांतीच आहे. दुसरी म्हणते, भावना आहे, तरीही शांती आहे. मी दुसरी घेतली. पहिली म्हणायला लागलात तर घरात भांडण झाल्यावर स्वतःशीच खोटं बोलावं लागतं.

मग वही. शंभर पानी, शाळेची चालेल. टेंपलचा नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम आहे. त्यात जोसेफ कॅम्बेल यांच्या पुराणकथांवरच्या मुलाखती आहेत, झेनवर बोलणारे ॲलन वॉट्स आहेत. कॅम्बेल यांच्या त्या मुलाखती बहुतांशी लुकस यांच्याच रँचवर चित्रित झाल्या, विचारणारे तेच बिल मॉयर्स, आणि त्या कॅम्बेल यांच्या निधनानंतर 1988 साली अमेरिकेत टीव्हीवर आल्या. प्रत्येक धडा झाला की आपल्याला काय वाटलं ते लिहायचं, आणि ते इतर सभासद वाचतात. इंग्रजी कच्चं म्हणून लाजू नका. माझं इंग्रजी बोटीवरचं आहे, अर्धं नट-बोल्टांचं. कुणी हसलं नाही. घरच्या वहीत मात्र मराठीतच लिहा. अडलेलं मन दुसऱ्या भाषेत मोकळं होत नाही.

रोजचं ध्यान सकाळी करा. वर्कशॉप उघडण्याआधी मी शटर अर्धं वर करून आत स्टुलावर बसतो. डोळे मिटायचे, श्वास मोजायचा, मन भरकटलं की परत आणायचं. यात नवीन काही नाही, विपश्यनेला गेलेला कुणीही सांगेल. आपलं वेगळेपण इतकंच की उठताना आज कुठल्या ओळीवर लक्ष ठेवायचं ते ठरवून उठायचं.

आता हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते दाखवतो, कारण लोक इथेच गोंधळतात.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं माझ्याकडे. जुलै संपत आला की सगळ्यांना एकदम घाई. अशा वेळी एक होडीवाला आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घेऊन येतो, तक्रार अशी की इंजिन तापतं. मी ते पाण्याच्या पिंपात लावून चालू करतो. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी, ती येते लहान मुलाच्या मुतासारखी. खालचा भाग खोलला की रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, हातात येतो. पाती एका बाजूला जराशी वाकलेली, पण रबर अजून मऊ आहे, फाटलेलं नाही. खरा दोष वरच्या वाटेत, मिठाचा खडा बसलाय. खडा काढून, गोड्या पाण्याने वाट धुऊन काम होईल. इम्पेलर आणखी एखादा हंगाम काढेल. नवीन बसवला तर माझा दोन पैशांचा फायदा, आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळणार नाही. हाच होडीवाला मागच्या वर्षीची उधारी अजून देणं लागतो.

माझ्या लेखी जेडाय असणं एवढ्याशा जागेत मावतं. जुनी पाती त्याच्या तळहातावर ठेवायची आणि सांगायचं, ‘ह्यां अजून चालात, पुढच्या वर्षी बदल.’ नंतर, वेगळ्या वाक्यात आणि वेगळ्या आवाजात, उधारीचं विचारायचं. राग आलेला असतोच. तो बिलात घालायचा नाही. संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहायच्या: राग कुठे आला, कशावर आला, त्याचं काय केलं. फोर्स वगैरे मोठे शब्द त्या पानावर एकदाही आले नाहीत तरी चालतं.

घरच्यांना काय सांगायचं

कमीत कमी. माझ्या आईने ऐकलं तेव्हा म्हणाली, ‘ह्या काय नवीन खूळ काढलंस? देव कमी पडले काय तुका? आधी आरवलीक जावन वेतोबाक चपला घाल, मगे तुझो तो फोर्स काय ता बघू.’ मी गेलो, आणि आरवलीचं ग्रामदैवत वेतोबा, त्याला घालतात तशा भल्यामोठ्या चामडी चपला करवून घेऊन गेलो. हा माझा सल्लाही समजा. टेंपलवाले दुसरा धर्म सोडायला सांगत नाहीत. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, बौद्ध आहेत, देव न मानणारेही आहेत. मग तुम्ही आपणहून कशाला सोडता? गावरहाटीत तुमच्या घराला काही मान असेल, देवाच्या तरंगकाठीबरोबर चालायचा, गाऱ्हाण्याला उभं राहायचा, तो सोडू नका. गाऱ्हाण्यात ‘होय महाराजा’ म्हणताना तुम्ही अख्ख्या गावाच्या बऱ्यासाठी म्हणत असता. जेडायाला त्यात अडचण वाटावी असं काही मला तरी सापडलेलं नाही. घरी उपास-वार पाळतात तेही पाळा. बायकोला मात्र सगळं सांगा, वही कुठे ठेवता तेसुद्धा.

मेव्हणे विचारणारच, ‘काय रे, हवेत उचलतंस काय इंजिन?’ हसा आणि म्हणा, उचललं असतं तर चेन पुली कशाला घेतली असती. वाद घालू नका. वादात तुम्ही जिंकलात तरी चतुर्थीला तोच मेव्हणा आरतीला शेजारी उभा असतो.

‘पण ती गोष्ट खोटी आहे ना?’

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो टाळू नका. हो, गोष्ट रचलेली आहे. कुणी, कधी रचली हेही माहीत आहे. लायडन विद्यापीठात या विषयावर संशोधन केलेले मार्कुस डेव्हिडसन अशा पंथांना कल्पित कथेवर उभे असलेले धर्म म्हणतात. त्यांचं एक निरीक्षण मला पटलं: पाळणारी माणसं जेडाय योद्धे खरेच होऊन गेले असं मानत नाहीत, पण फोर्स ज्याला म्हणतात तसं काहीतरी खरं आहे असं मानतात. म्हणजे गोष्ट एका जागी, श्रद्धा दुसऱ्या जागी.

हे समजायला आम्हाला लायडनला जावं लागत नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघायला जा, आणि एकदा रंगपटात डोकवा. कंपनीचा पेटारा मांडलेला असतो, त्याची पूजा झालेली असते. माझ्या ओळखीचा एक रिक्षावाला पत्र्याच्या ट्रंकेवर बसून, डाव्या हातात आरसा धरून स्वतःच तोंड रंगवतो. आज कुठलं आख्यान लावायचं ते संध्याकाळी ठरलं. लिहिलेले संवाद नाहीत, सगळं तोंडावर. शेवटचं कुंकू लावून तो उठतो, पेटाऱ्याला हात लावतो आणि विष्णू होऊन बाहेर जातो. पुढे बसलेली म्हातारी त्याला हात जोडते. तिला तो रिक्षावाला माहीत नाही असं नाही, दुपारी त्याच्याच रिक्षाने ती जत्रेला आलेली असते. पाहाटे दहीकाला झाला की रंग पुसून हा सामान उचलायला लागतो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे म्हणतातच. त्या म्हातारीला जाऊन विचारा, ‘आजी, हा खोटा आहे ना?’ ती तुम्हालाच वेड्यात काढेल.

तेव्हा उत्तर असं द्या: गोष्ट रचलेली आहे, शब्द मी दिलेला आहे. तुम्ही शपथ घेतलीत, टेंपलमध्ये साधी शपथ असते, तर ती सिनेमातल्या कुणाला दिलेली नसते. ती त्या गटातल्या माणसांसमोर आणि स्वतःला दिलेली असते. मोडलीत तर कुठल्या आकाशगंगेत काही बिघडत नाही, वहीत मात्र लिहावं लागतं.

कागदपत्रं

इथे भावनेच्या भरात काही करू नका. ब्रिटनमध्ये टेंपल ऑफ द जेडाय ऑर्डरने धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी मागितली, ती तिथल्या चॅरिटी कमिशनने डिसेंबर 2016 मध्ये नाकारली. कारणं वाचण्यासारखी आहेत: श्रद्धेत पुरेशी एकसंधता नाही, ती नुसती जीवनशैली म्हणूनही घेता येते, समाजाच्या नीतीला तिचा काय फायदा ते दाखवलेलं नाही. राग येण्यापेक्षा तिसरं कारण मनाला लावून घ्या. गावात कुणाला काय फायदा, याचं उत्तर आपल्याकडे असावं.

आपल्याकडे 2011 च्या जनगणनेच्या फॉर्मवर सहा धर्मांना क्रमांक दिले होते, बाकीच्यांचं नाव पूर्ण लिहायचं होतं. प्रगणकाने आपण सांगू तेच लिहायचं असतं. झारखंड आणि आसपासच्या आदिवासींनी असंच ‘सरना’ लिहिलं, जवळजवळ 50 लाखांनी, आणि स्वतंत्र रकान्याची मागणी ते अजून करताहेत. त्यांचं ते पूर्वजांचं, जंगलाचं, जगण्यामरण्याचं प्रकरण आहे. पुढची जनगणना 2027 ची. तुमच्या दारात शाळेच्या बाई भर उन्हात मोबाईल घेऊन उभ्या राहतील तेव्हा गंमत म्हणून जेडाय लिहायला लावू नका. मनापासून तेच असेल तर सांगा, तो तुमचा हक्क आहे. मी सांगणार नाही. माझ्या घरचा देव्हारा अजून जागेवर आहे.

लग्नाबद्दल एका मुलाने विचारलं म्हणून लिहितो. धर्म मध्ये न आणता लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. आणि गंमत अशी की 1955 चा हिंदू विवाह कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या इथल्या रहिवाशालाही सर्वसाधारणपणे लागू होतो. म्हणजे अगदी पक्का जेडाय झालात तरी कायद्याच्या नजरेत बहुधा आहात तिथेच. नाव, दाखला, वारसा यातलं काही बदलायचं मनात आलं तर आधी वकिलाकडे जा.

कुणापासून लांब राहायचं

पैसे मागणारा पहिला. शिकवण फुकट आहे, वही वीस-तीस रुपयांची. ‘फोर्सने मणक्याचं दुखणं घालवतो’ म्हणणारा दुसरा. त्याला महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून द्या आणि दुखणाऱ्याला सरकारी दवाखान्यात न्या. तिसरा प्रकार ओळखायला जरा अवघड: जो म्हणतो, घरच्यांना हे कळणार नाही, त्यांच्यापासून लांब हो. सिनेमातले जेडाय लग्न करत नाहीत, माया तोडतात, असा आधार तो देईल. पाळणाऱ्यांत असा नियम नाही. संसारी माणसंच जास्त आहेत.

सोबत मात्र हवी. इंटरनेटवरचा गट चांगला, पण त्यांची सभा आपल्या मध्यरात्री असते आणि दुसऱ्या दिवशी पाहाटे कुणाचं तरी इंजिन बंद पडलेलं असतं. म्हणून जवळपास एक माणूस शोधा, ज्याला तुमची वही दाखवता येईल. तो जेडाय नसला तरी चालेल. माझा तो माणूस रापणकर आहे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारा, त्याने स्टार वॉर्स पाहिलेलाही नाही. रापणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर दोरी ओढायला जातो, वाट्याला येतील ते बांगडे-तारली घेतो, आणि वाळूत बसून तो विचारतो, ‘काय रे, ह्या आठवड्यात कोणावर तापलंस?’ टेंपलमध्ये शिष्याला गुरू असतो, त्याचं काम आमच्याकडे हा करतो.

लहान मुलांना यात ओढू नका. माझ्या मुलीने विचारलं तेव्हा तिला सिनेमा दाखवला, 1977 चा आधी. तिला रोबोट आवडला. वही मागितली नाही, मी दिली नाही.